जर-तरची माफी

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं. लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची एक संस्था, तिचं सभागृह, आणि अध्यक्षांच्या आसनाखाली आम्हा लघुलेखकांचं टेबल. पाच मिनिटांची पाळी, की उठायचं, खोलीत जाऊन टंकायचं, पुन्हा येऊन बसायचं. कोणती संस्था ते सांगणार नाही. निवृत्तीनंतरही काही पथ्यं पाळावीत असं मला वाटतं. शिवाय नाव कळलं की वाचणारा पहिल्यांदा विचारतो, "म्हणजे अमक्या पक्षाचा का तो?" आणि उत्तर मिळालं की पुढचं वाचतच नाही.

परवा भाच्यानं बातमी बघता बघता विचारलं, "मावशी, हे लोक नियम मोडतात तेव्हा पुढे होतं काय? कोण बघतं?" मी म्हटलं, "समिती." तो हसला. त्याच्या हसण्याचा मला राग आला, आणि मग लक्षात आलं की मीही अशीच हसले असते. त्याला तेव्हा जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितेय.

आधी एक गैरसमज काढते. आचारभंग म्हटलं की लोकांना नोटांची बंडलं आणि छुपे कॅमेरे दिसतात. माझ्या टेबलावरून दिसलेले आचारभंग फार साधे होते. साडूची फर्म ज्या कामासाठी निविदा भरते त्याच विषयावर सदस्य भाषण करतो आणि नात्याबद्दल चकार शब्द काढत नाही. संस्थेच्या लेटरहेडवर स्वतःच्या भाडेकरूला दम देणारं पत्र जातं. एकाच तारखेला दोन ठिकाणच्या बैठकांचा प्रवासभत्ता मागितला जातो. यातलं काही गुन्हा असतं, बरंचसं नसतं. पोलिसांकडे जाण्याइतकं मोठं नाही आणि सोडून देण्याइतकं लहान नाही, अशा मधल्या पट्ट्यासाठीच आचारसंहिता असते.

यातलंच एक प्रकरण मी पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहून घेतलंय.

आमच्या लेखा शाखेतल्या एका कनिष्ठ लिपिक बाईंनी एका सदस्याचं प्रवासभत्त्याचं बिल परत पाठवलं. तारखा जुळत नव्हत्या. शेरा नेहमीचाच: 'पूर्ततेसाठी परत'. दुसऱ्या दिवशी सन्माननीय सदस्य शाखेत आले, फाईल बाईंच्या टेबलावर आपटली, ती घसरून बाईंच्या मांडीवर पडली, आणि मग ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. खोलीत अकरा माणसं होती. बाईंनी दीड पानाची तक्रार लिहिली. अक्षर सुरेख, एकही विशेषण नाही. आचारसंहितेतलं कलमही अचूक दिलेलं: सदस्यांनी कर्मचाऱ्यांशी सौजन्यानं वागावं.

तक्रार समितीकडे गेली. समिती सात जणांची. चार जण त्या सदस्याच्याच पक्षाचे, समितीप्रमुखही त्यांच्यातलेच. हे कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. सभागृहातल्या संख्याबळाच्या प्रमाणात समिती बनते, तशी ती बनली होती. नोंद घ्यायला माझी नेमणूक झाली.

पहिली बैठक गणपूर्तीअभावी तहकूब. दुसरीही. तिसऱ्या बैठकीत बाईंना बोलावलं आणि एका सदस्यानं विचारलं, "तुम्ही आवाज चढवला होता का?" त्या म्हणाल्या, "नाही." थोड्या वेळानं दुसऱ्यानं तेच विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "नाही." मी दोन्ही वेळा लिहिलं. खोलीतल्या अकरांपैकी साक्षीला तिघं आले. एकानं खरं ते सांगितलं. दुसरा म्हणाला, "मी फोनवर होतो." तिसराही म्हणाला, "मी फोनवर होतो." त्या शाखेत फोन एकच होता, आणि तो या लिपिक बाईंच्या टेबलावर होता. हे समितीतल्या कोणालाही विचारावंसं वाटलं नाही. मला वाटलं, पण लघुलेखकानं प्रश्न विचारायचे नसतात.

चौदा महिने गेले. अकरा बैठका. अखेर समितीनं ठरवलं की सदस्याला समज द्यावी आणि त्यानं सभागृहात माफी मागावी. मग माफीचा मसुदा सुरू झाला. तो आमच्याकडेच टंकायला येत होता, त्यामुळे मला तो तोंडपाठ आहे. पहिल्या मसुद्यात होतं: 'लेखा शाखेतील कर्मचारी भगिनीशी मी अयोग्य वागलो, याबद्दल मी त्यांची माफी मागतो.' दुसऱ्यात 'लेखा शाखेतील' गेलं. तिसऱ्यात 'अयोग्य वागलो'च्या जागी 'गैरसमज झाला' आलं. चौथ्यात माफीची दिलगिरी झाली. पाचवा मसुदा असा: 'माझ्या बोलण्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.'

'कोणाच्या'मध्ये बाई गेल्या. 'असतील'मध्ये घटना गेली. उरलेलं सगळं 'तर'नं खाल्लं. मराठीतलं हे एवढंसं अव्यय चौदा महिन्यांची चौकशी गिळू शकतं, हे मला व्याकरणाच्या पुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं.

सदस्यांनी ते वाक्य सभागृहात म्हटलं, दोन्ही बाजूंनी बाकं वाजली, विषय संपला. दीड महिन्यानं बाईंची बदली झाली. कारण: प्रशासकीय.

आता कोणी म्हणेल, समिती विकली गेली होती. नव्हती. त्या सातांपैकी निदान चौघं मला आजही चांगली माणसं वाटतात. त्यांच्यातल्याच एकानं बैठकीनंतर जिन्यात मला सांगितलं, "मॅडम, तुम्हाला वाटतंय तेच मलाही वाटतंय. पण पुढच्या वेळी तिकीट वाटायला हाच बसणार आहे." अख्खी गोष्ट या एका वाक्यात आहे. माणूस प्रामाणिक असला तरी उद्याचं तिकीट ज्याच्या हातात, त्याच्या तारखा जुळतात की नाही हे त्याला तपासायला सांगू नये. म्हणून माझा आग्रह एकच आहे. काय घडलं हे ठरवणारा माणूस तिकिटाच्या रांगेत उभा नसावा. शिक्षा वाटल्यास सभागृहानं द्यावी, सत्य मात्र बाहेरच्यानं ठरवावं.

ही माझी शोधून काढलेली युक्ती नाही. ब्रिटनमध्ये खासदारांनी पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं प्रकरण गाजलं, १९९४ मध्ये लॉर्ड नोलन यांची समिती बसली, आणि १९९५ मध्ये तिच्या शिफारशीवरून संसदेत आचार-आयुक्ताचं पद आलं. हा आयुक्त खासदार नसतो. तो तपास करतो, अहवाल समितीकडे देतो, समिती शिक्षा सुचवते, सभागृह मत देतं. पुढे समितीत बिनखासदार नागरिकही आले. आधी त्यांना नुसतं बसता यायचं. २०१९ पासून ते मतही देतात. कर्मचाऱ्यांना त्रास दिल्याच्या तक्रारींसाठी तर २०२० मध्ये स्वतंत्र तज्ज्ञ मंडळ नेमलं. त्यात एकही खासदार नाही, आणि त्यानं सुचवलेल्या शिक्षेवर सभागृहात चर्चाच होत नाही, थेट मतदान. हे वाचलं तेव्हा मला आमच्या लेखा शाखेतला तो एकुलता एक फोन आठवला. बाहेरचा माणूस असता तर पहिल्या तासात विचारलं असतं, फोन किती आहेत?

पण बाहेरचा माणूस नेमला की भागलं, असंही नाही. ब्रिटनमध्येच २०२१ साली ओवेन पॅटर्सन नावाच्या सत्ताधारी पक्षाच्या खासदारानं, ज्या कंपन्यांकडून तो मानधन घेत होता त्यांच्यासाठी सरकारी खात्यांकडे वशिला लावला, असा निष्कर्ष आयुक्तांनी काढला. समितीनं तीस दिवसांचं निलंबन सुचवलं. ३ नोव्हेंबरला सत्ताधाऱ्यांनी काय करावं? त्यांनी निलंबन बाजूला ठेवून चौकशीची पद्धतच तपासण्याची दुरुस्ती आणली आणि २५० विरुद्ध २३२ मतांनी ती मंजूर करून घेतली. म्हणजे पंचानं बाद दिला म्हणून क्रिकेटचे नियम बदलायला समिती नेमली. एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी सरकारनं शेपूट घातलं आणि पॅटर्सननं राजीनामा दिला. डिसेंबरात पोटनिवडणूक झाली आणि नॉर्थ श्रॉपशायरची ती जागा, जिथे पक्षाला आदल्या निवडणुकीत जवळपास तेवीस हजारांचं मताधिक्य होतं, ती गेली. तीस दिवस गप्प घरी बसला असता तर कदाचित आजही तिथे असता.

आपल्याकडे म्हण आहेच: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वरच्या दोन्ही गोष्टी बाब्याच्या झाल्या. कार्ट्याच्या गोष्टी जास्त भयंकर असतात, कारण तिथे सभागृह दया दाखवत नाही. तिथे त्याला अचानक शिस्तीचा उमाळा येतो.

५ जुलै २०२१ ला महाराष्ट्र विधानसभेनं भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याचा आरोप होता. आमदारांना तो मान्य नव्हता. ठराव मांडला गेला आणि आवाजी मतदानानं मंजूर झाला. दोन दिवसांच्या अधिवेशनाचा तो पहिलाच दिवस. आमदारांचं वागणं कसं होतं यावर मी काही बोलत नाही. मी बोलतेय त्या 'एक वर्षा'बद्दल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ जानेवारी २०२२ ला न्यायालयानं तो ठराव घटनाबाह्य ठरवला. गोंधळ घातला म्हणून निलंबित करायचं तर ते कामकाज सुरळीत चालावं एवढ्यासाठी, त्यामुळे चालू अधिवेशनापलीकडे ते नेता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

त्या सुनावणीतला एक विचार मी वहीत लिहून ठेवलाय. एक वर्षाचं निलंबन हे हकालपट्टीपेक्षा वाईट. पटत नाही ना? मलाही आधी पटलं नव्हतं. पण बघा. आमदाराला काढून टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. आमदार परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिला तर सभागृहाला जागा रिकामी झाल्याचं जाहीर करता येतं. मतदारसंघ फार काळ मुका राहू नये ही यामागची काळजी. निलंबनात मात्र जागा भरलेली असते आणि माणूस बाहेर असतो. पोटनिवडणूक नाही, प्रश्न नाही, मत नाही, वर्षभर. शिक्षा आमदाराला दिली असं आपण म्हणतो, पण त्याच्या भागातल्या माणसानं काय केलं होतं? त्यानं फक्त मत दिलं होतं.

सभागृहात बसून निलंबनं लिहून घेताना हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता, हे कबूल करते. आम्ही लिहायचो, 'सदस्य सभागृह सोडून जातात', आणि कंसात '(अडथळे)'. रिकाम्या बाकाकडे बघून तिथे एक माणूस नाही एवढंच दिसायचं. त्या बाकावर लाख-दोन लाख माणसं नाहीत, हे दिसायचं नाही.

सभागृहाचा हा कार्ट्यावरचा राग जुना आहे. लंडनमध्ये जॉन विल्क्स या खासदाराला १७६९ मध्ये हाकललं, मिडलसेक्सच्या मतदारांनी पुन्हा निवडून दिलं, पुन्हा हाकललं, पुन्हा निवडून दिलं. शेवटी सभागृहानं त्याच्या हरलेल्या प्रतिस्पर्ध्यालाच निवडून आल्याचं जाहीर केलं! विल्क्स काही संत नव्हता. पण १७८२ मध्ये त्याच सभागृहानं ते ठराव आपल्या कामकाजातून पुसून टाकले. तेरा वर्षांनी मागितलेली ही माफी मला आमच्या पाचव्या मसुद्यापेक्षा बरी वाटते. तिच्यात 'तर' नाही.

घाई हा वेगळाच रोग. चौदा महिने लावणं वाईट, हे मी रडून सांगितलं. पण १२ डिसेंबर २००५ ला वाहिनीवर चित्रफीत दिसते, प्रश्न विचारायला पैसे घेताना खासदार दिसतात, आणि २३ डिसेंबरला अकरा खासदार, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा, बाहेर, हेही मला पूर्ण पचत नाही. चित्रफीत बघून माझंही रक्त उसळलं होतं. अकराही जणांना काढलं ते बरोबरच, असं मला आजही वाटतं, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संसदेला तो अधिकार असल्याचं मान्यही केलं. पण त्या घाईचा पायंडा पडला. ८ डिसेंबर २०२३ ला तृणमूलच्या खासदार महुआ मोईत्रांच्या बाबतीत आचार समितीचा अहवाल दुपारी मांडला आणि त्याच दुपारी हकालपट्टीचा ठराव मंजूर. अहवाल वाचायला वेळ द्या, अशी विरोधकांची मागणी होती. सदस्याला सभागृहात बोलू दिलं नाही आणि दाखला दिला गेला तो २००५ चा. अहवालात काय होतं, खरं कोणाचं, हा वाद बाजूला ठेवा. शेकडो पानांचा अहवाल दोन तासांत वाचून होत नाही, एवढं तरी टंकलेखनात आयुष्य घालवलेली बाई खात्रीनं सांगू शकते. सहा महिन्यांत निवडणूक झाली आणि कृष्णनगरच्या मतदारांनी त्यांना परत पाठवलं.

याउलट १९५१ चं एच. जी. मुद्गल प्रकरण वाचावं. मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत प्रश्न विचारल्याचा आरोप. मुद्गल काँग्रेसचे, सरकार काँग्रेसचं, आणि चौकशी समितीचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी आणलेला. जूनमध्ये समिती नेमली, तिनं साक्षी घेतल्या, मुद्गलांना वकिलासह बाजू मांडू दिली, सप्टेंबरात सभागृहात चर्चा झाली आणि मुद्गलांनाही बोलता आलं. साधारण साडेतीन महिने. ना चौदा महिने, ना अकरा दिवस. आणि यातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. मत पडण्याआधी मुद्गलांनी राजीनामा दिला. बहुतेक सभागृहं इथे सुटकेचा श्वास टाकतात. त्या सभागृहानं टाकला नाही. हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता आणि राजीनाम्यातली भाषाही सभागृहाचा अवमान करणारी आहे, असा ठराव त्यानं केलाच. बाब्या आपलाच होता, तरी.

राजीनामा ही मागच्या दाराची कडी. ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सननीही २०२३ च्या जूनमध्ये, आपल्याविरुद्धचा अहवाल प्रसिद्ध होण्याच्या आधी खासदारकी सोडली. समितीनं तरीही अहवाल छापला, असते तर ९० दिवसांचं निलंबन सुचवलं असतं असं लिहिलं, आणि सभागृहानं ३५४ विरुद्ध ७ मतांनी तो स्वीकारला. 'असते तर'. हाही एक 'तर'च, पण याला दात आहेत. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात हे सहसा जमत नाही. तिथे सदस्यानं राजीनामा दिला की आचार समितीचा अधिकारच संपतो. अनेक फाईली तिथे अशाच मिटल्या आहेत. तिथली एक गोष्ट मात्र घेण्याजोगी: आचार समितीत दोन्ही पक्षांचे सदस्य सारख्याच संख्येनं असतात, बहुमत कोणाचंही असो. आमच्या समितीत चार-तीनऐवजी तीन-तीन असते तर पाचवा मसुदा निघाला असता का? कदाचित दुसऱ्यावरच अडला असता.

बाहेरचा माणूस नेमण्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फुसका नाही. "आम्हाला लोकांनी निवडून दिलंय. हा कोण आयुक्त? याला कोणी निवडलं?" सभागृहात हे वाक्य मी किमान दहा वेळा लिहिलंय, आणि दरवेळी बाकं वाजलीत. दुसरी भीती अशी की तक्रारींचा पूर येतो. तीही खरी ठरलेली आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी मध्यवर्ती मंडळ होतं. क्षुल्लक, सूड उगवणाऱ्या तक्रारी फार येतात अशी ओरड झाली आणि २०१२ मध्ये ते मंडळच मोडीत काढलं. पण लंबक किती लांब गेला बघा: त्याबरोबर सदस्याला निलंबित करण्याचा अधिकारही गेला. आता तिथे नगरसेवकानं कितीही केलं तरी संस्था फार तर निषेध नोंदवते, समितीतून काढते, माफी मागायला सांगते. आणि मागायला सांगितलेल्या माफीचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

पुरावर उपाय साधा आहे. दारात चाळणी ठेवा. ज्या तक्रारीत तारीख नाही, कलम नाही, घटना नाही ती तिथेच परत. 'पूर्ततेसाठी परत.' आमच्या बाईंना हे काम उत्तम येत होतं. आणि 'तुला कोणी निवडलं' याचं उत्तर असं की सत्य शोधायला निवडून यावं लागत नाही. फोन किती होते हे मोजायला मतदान लागत नाही.

ज्यांनी खरंच निवडून दिलं त्यांना विचारायचीही सोय करता येते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानं ती केली आहे. सभागृहानं खासदाराला दहा किंवा जास्त बैठकींच्या दिवसांसाठी निलंबित केलं की त्याच्या मतदारसंघात सहा आठवडे सह्यांसाठी केंद्रं उघडतात. दहा टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी. त्या माणसाला पोटनिवडणूक लढवायलाही बंदी नाही. पहिली वेळ २०१८ मध्ये इयन पेस्ली यांच्यावर आली. ९.४ टक्के सह्या झाल्या, ४४४ कमी पडल्या, ते वाचले. पुढच्या वर्षी ब्रेकनमध्ये क्रिस डेव्हिस यांच्यावर ती वेळ निलंबनामुळे नाही, तर खर्चाच्या खोट्या बिलांबद्दल न्यायालयात दोषी ठरल्यामुळे आली, आणि सह्या पुरेशा झाल्या. ते पुन्हा उभे राहिले आणि हरले. मला यातली पायरी आवडते. चौकशी आधी, शिक्षा मग, आणि मतदार त्यानंतर. नुसत्या सह्यांवर कोणालाही परत बोलवायची सोय असती तर प्रत्येक हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी सह्या गोळा करत फिरला असता.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग न्यायालयातच का नाही जात?" लाच असेल तर जावंच. मतासाठी लाच घेतली तर सभागृहाच्या विशेषाधिकाराची ढाल मिळणार नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलंय, आणि १९९८ चा स्वतःचाच निकाल फिरवून सांगितलंय. पण मांडीवर फाईल पडली म्हणून न्यायालयात किती वर्षं जाणार? ते घरातल्या घरातच निस्तरायला हवं. फक्त घरातल्या माणसानं निस्तरू नये.

एक गोष्ट वर मी लिहायची टाळली. आता लिहिते.

त्या सदस्यांनी पाचवा मसुदा वाचला तेव्हा टेबलावर माझीच पाळी होती. ते उभे राहिले नाहीत. समोरचे कागद आवरता आवरता, बसल्या जागी, अर्ध्या आवाजात वाक्य म्हणाले. आमच्याकडे नियम पक्का: बसून बोललेलं सभागृहाच्या दृष्टीनं बोललेलंच नसतं, ते नोंदीत घेत नाहीत. घ्यायचंच झालं तर कंसात तसं लिहावं लागतं. मी लिहिलं. वाक्याआधी कंस केला: '(सदस्य जागेवर बसून बोलतात)'. नियमानं बघितलं तर त्या सहा शब्दांनंतर... नाही, चारच शब्द आहेत, आत्ता मोजले... त्या चार शब्दांनंतर माफी मागितलीच गेली नव्हती.

संध्याकाळी वरून फोन आला. "मॅडम, तो कंस कशाला? विषय संपलाय." मी म्हटलं, "नियमात आहे." पलीकडून म्हणाले, "नियमात आहे हो. पण आता कशाला?"

मी तो काढला. छापील इतिवृत्तात ते वाक्य उभ्यानं म्हटल्यासारखं आहे.

लघुलिपीतल्या मूळ वहीत कंस होता. वह्या ठराविक मुदतीपर्यंत ठेवतात. मुदत संपल्यावर नष्ट करायच्या वह्यांची यादी आमच्याकडे आली, त्यात तो क्रमांक होता. यादीवर शाखेतल्या ज्येष्ठ लघुलेखकाची सही लागते. त्या वर्षी ज्येष्ठ मी होते.